मोरीचे पाणी उलटे आले तेव्हा

आपण ज्यांना गौरी म्हणतो त्यांना इंदूरच्या मराठी घरांत महालक्ष्म्या म्हणतात. माझी मावशी लग्न होऊन बेळगावहून इंदूरला गेली त्याला आता पन्नास वर्षे झाली. तिच्या बोलण्यात मधूनच 'बेटा' डोकावते, शेव घातल्याशिवाय ती पोहे वाढत नाही. पण महालक्ष्म्यांचा सोळा भाज्यांचा घाट तिने अजून सोडलेला नाही. काही वर्षांपूर्वी त्या सणाला मी तिच्याकडे गेले होते. महालक्ष्म्या बसल्या, हळदीकुंकू झाले. दुसऱ्या दिवशी चाळीस पाने उठायची होती. बाहेर दुपारपासून पाऊस कोसळत होता. रात्री साडेअकराला वहिनी हातपाय धुवायला न्हाणीघरात गेल्या आणि त्यांनी जी हाक मारली ती अजून माझ्या कानात आहे.

जाळीतून काळे पाणी वर येत होते. एखादे भांडे मंद आचेवर उकळावे तसे ते बुडबुडत होते. संडासातले पाणी कडेपर्यंत आलेले. न्हाणीघराच्या उंबऱ्यापलीकडे स्वयंपाकघर, आणि तिथे जमिनीवर कणकेचा डबा, भाज्यांच्या टोपल्या, भिजत घातलेली डाळ.

पुढची दहा मिनिटे आम्ही जे केले ते सगळे चुकीचे होते, म्हणूनच ते सांगते. दादाने रबरी पंप आणून जाळीवर दणादण मारला. घाण भिंतीवर उडाली. मी बादलीभर पाणी ओतले, म्हणजे काय ते 'ढकलले जाईल' म्हणून. दादा अ‍ॅसिडची बाटली आणायला वळला. आणि हे सगळे चालले असताना वरच्या मजल्यावर पुतण्याचे कपडे धुण्याचे यंत्र निवांत पाणी सोडत होते. शेवटी मावशी पलंगावरूनच म्हणाली, "अरे, आधी वरचं पाणी बंद करा ना!"

तेच पहिले काम असते. खालून पाणी वर येऊ लागले की घरातला एकूण एक नळ बंद, गच्चीवरच्या टाकीची चावी बंद, वरच्या मजल्याला निरोप. कारण आपल्याच घरात वर वापरलेले पाणी आपल्याच खालच्या मोरीतून बाहेर पडत असते. दुसरे म्हणजे, पाणी पसरत असेल आणि विजेचा बोर्ड किंवा फ्रिजची वायर खाली असेल तर त्या भागाची वीज बंद करायची, तीही कोरड्या जागेवर उभे राहून. मुलांना बाहेर काढायचे. आणि मग पंपाकडे नव्हे, अंगणातल्या चेंबरकडे जायचे.

हे चेंबर म्हणजे घरमालकाचा वैद्यच. झाकण उघडून बघितले की निम्मे निदान होते. चेंबर कोरडे आहे आणि घरात पाणी तुंबले आहे, तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या मध्ये. तो तुमचा, तुम्हीच प्लंबर आणून काढायचा. चेंबर काठोकाठ भरलेले असेल तर दोष त्याच्या पलीकडे, रस्त्याकडे. शेजारच्याचेही भरले असेल तर मुख्य वाहिनीच तुंबली आहे. मग घरात कितीही पंप मारा, उपयोग शून्य. तेव्हा पालिकेला कळवायचे. इंदुरात त्यासाठी पालिकेचे '३११' नावाचे अ‍ॅप आहे. आपल्याकडे आपापल्या पालिकेचा जो क्रमांक असेल तो फ्रिजवर चिकटवून ठेवावा; पाऊस पडत असताना रात्री बारा वाजता तो सापडत नाही. फक्त एकच मोरी हळू वाहते आणि बाकी सगळे ठीक, तर मात्र ते किरकोळ: जाळीखालचे केस, साबण, चोथा.

झाकण उघडताना वाकून आत तोंड घालू नये. काडी पेटवून पाहू नये, विडी-सिगारेट जवळ नको. आतल्या वायूंत पेट घेणाराही असतो आणि गुदमरवणाराही.

आमचे चेंबर भरलेले होते. झाकण सरकवताच पाणी अंगणात पसरले आणि त्याच क्षणी न्हाणीतले बुडबुडणे थांबले. उंबऱ्यापासून दोन बोटे अलीकडे. मावशीने देवाला हात जोडले. मला मात्र नवल वाटले, अंगणात सांडायला एवढे सोपे असताना पाणी आधी घरात का शिरले?

उत्तर सकाळी मिळाले. सत्तरीचे एक मिस्त्रीचाचा आले. दादाच्या वडिलांच्या काळापासून या घराचे पाइप त्यांच्याच हातचे. त्यांनी अंगणात दोन फेऱ्या मारल्या, स्वयंपाकघराच्या भिंतीलगत चपलेने फरशी ठोकली आणि म्हणाले, "यहाँ का मुँह किसने बंद किया?"

दोन वर्षांपूर्वी अंगणाला नव्या फरश्या घातल्या होत्या. भिंतीलगत एक चौकोनी जाळी होती, तिथून झुरळे यायची, वास यायचा. गवंड्याने विचारले, ठेवू की बुजवू? घरच्यांनी सांगितले, बुजव. ती जाळी म्हणजे 'गली ट्रॅप'. स्वयंपाकघर आणि न्हाणीचे पाणी चेंबरला जाण्याआधी त्यातून जाते. त्याचे एक काम सगळ्यांना ठाऊक असते: त्यात पाणी साठून राहते आणि गटाराचा वायू व झुरळे अडतात. दुसरे काम फारसे कुणाला माहीत नसते. त्याचे तोंड घराच्या जमिनीपेक्षा निदान वीतभर खाली, उघड्यावर असते. बाहेर गटार तुंबले की पाणी चढत चढत मागे येते आणि त्याला जे सर्वांत खालचे तोंड सापडेल तिथून ते बाहेर पडते. ते तोंड अंगणात असले तर अंगण घाण होते. ते बुजवले तर पुढचे खालचे तोंड म्हणजे न्हाणीची जाळी.

वाचकहो, या सगळ्या प्रकरणातले मर्म एवढेच आहे. पाण्याला घर, अंगण, सण काही कळत नाही; त्याला पातळी कळते. तुमची तळमजल्याची मोरी आणि रस्त्यावरच्या चेंबरचे झाकण यांत खाली कोण, हे एकदा जाऊन पाहावे. घर बांधले तेव्हा जोते रस्त्यापेक्षा दोन फूट वर असते. मग दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर, मग काँक्रीट, आणि तीस वर्षांत घर रस्त्याच्या खाली जाते. जुन्या वस्त्यांतून हे सर्रास दिसते, इंदुरात तसे शहापूर-वडगावातही. अशा घरांनी चेंबरजवळ एकमार्गी झडप बसवून घ्यावी. तिच्यातले झाकण पाणी बाहेर जाऊ देते, उलटे येऊ लागले की मिटते. मात्र झडप मिटलेली असताना तुमचेही पाणी बाहेर जात नाही, तेव्हा त्या वेळी नळ बंदच हवेत. आणि तिच्यात कचरा अडकला तर ती मिटत नाही, म्हणून पावसाळ्याआधी उघडून धुवावी लागते. बसवून विसरून जायची ती वस्तू नव्हे.

चाचांनी आणखी एक दोष दाखवला. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप त्याच गवंड्याने सोयीचे म्हणून चेंबरात सोडला होता. घरातल्या चार-पाच माणसांच्या पाण्यासाठी केलेली सहा इंची वाहिनी, आणि तिच्यात सगळ्या गच्चीचा पाऊस! हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस झाला की सुमारे २३०० लिटर पाणी होते. गल्लीतल्या वीस घरांनी हेच केले तर मुख्य वाहिनीने तरी काय करावे? पावसाचे पाणी गटारात नाहीच घालायचे. ते अंगणात मुरवा, विहिरीत सोडा, नाही तर रस्त्याकडेच्या पावसाळी नाल्याला द्या.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. दुकानात जाऊन चाचांनी 'नहाणी ट्रॅप' मागितला तेव्हा मी कान टवकारले. न्हाणीच्या जाळीखालच्या त्या भांड्याला देशभरच्या प्लंबरांच्या भाषेत हेच नाव आहे. आपली न्हाणी हिंदी दुकानदाराच्या यादीत जाऊन बसली आहे! त्या भांड्यात दोन-तीन इंच पाणी कायम असावे लागते. पाहुण्यांची न्हाणी महिनोन् महिने वापरली नाही की ते आटते आणि घरभर वास सुटतो. लोक उदबत्त्या लावतात. तांब्याभर पाणी ओतले की भागते.

उताराचाही हिशेब चाचांनी सांगितला. तो त्यांच्या उस्तादाकडून आलेला. पाइप जितका इंच, त्याला दहाने गुणायचे. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट उतार, सहा इंचीला साठ फुटांत एक. उतार कमी पडला की घाण मागे राहते, हे कुणीही सांगेल. पण फार तीव्र उतारही नको, कारण मग पाणी पुढे पळून जाते आणि जड घाण पाइपातच बसते.

आता चेंबर मोकळे करायची वेळ आली आणि इथे जे घडले त्यासाठीच खरे तर हा लेख लिहावासा वाटला. घरातले चेंबर चाचांनी बांबूच्या लांब पट्ट्यांनी मोकळे केले, पण फाटकाबाहेरचे खोल चेंबर तसेच भरलेले. सणाचा दिवस, पालिकेची गाडी दुपारनंतर येणार म्हणाली. शेजारच्या कुणीतरी एका पोराला घेऊन आले. वीस-बावीसचा असेल. अंगात बनियन, हातात बादली. म्हणाला, पाचशे द्या, उतरतो. दादाने खिशात हात घातलाही. मावशी काठी टेकत फाटकापर्यंत आली. "आज माझ्या घरी महालक्ष्म्या जेवणार आणि हे कुणाचं लेकरू त्या खड्ड्यात घालणार तुम्ही?" पोराला तिने हिंदीत सांगितले की पैसे घे, पण उतरायचे नाही. त्याला जेवायला थांबवले.

मावशीला कायदा माहीत नव्हता, पण कायदाही तेच म्हणतो. २०१३च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे; तो पालिकेला लागू आहे तसा घरमालकालाही. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. गटारातला सडका वायू सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. उतरणाऱ्याला वाटते वास गेला, आता हरकत नाही. तो पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो. एका टाकीत दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या येतात त्या अशा. आपल्या भागात सेप्टिक टँक अजून घरोघर आहेत. दोन-तीन वर्षांनी मैला ओढणारी गाडी बोलवावी, तिची नळी आत जाते, माणूस नाही. 'जरा तळाशी साचलंय, हाताने काढतो' असे कुणी म्हणाले तर मावशीची काठी आठवावी.

इंदूरच्या बाबतीत ही गोष्ट मला फार जुनी वाटते. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात तिथे आले. १९१८ साली त्यांनी इंदूर दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. शहरात प्लेग होता. गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक काढवली, तीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर करून जाळला, आणि सफाई करणाऱ्यांना पांढरेशुभ्र कपडे व फुले देऊन मिरवणुकीत मानाने चालवले. जो रस्ता जास्त स्वच्छ, तिथून मिरवणूक जाणार, अशी अट; मग काय, घराघरांनी झाडू हाती घेतला. मोठमोठ्या खर्चिक वाहिन्या टाकून सगळी घाण गटारात लोटण्यापेक्षा ती मातीला द्यावी, बागा फुलवाव्यात, असे त्यांचे मत होते. पुढे त्याच इंदुरात १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली. १९३१च्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड या मराठी माणसाचे नाव आहे.

पण शहरे वाढली, आणि गेडिस यांचे म्हणणे मागे पडले. खान आणि सरस्वती या गावातून वाहणाऱ्या नद्यांत घरोघरची तोंडे सुटली. ती बंद करायचे मोठे काम इंदूर पालिकेने केले. पाच हजारांहून अधिक घरगुती तोंडे नदीनाल्यांतून काढून वाहिन्यांना जोडली, कबीटखेडीला दररोज २४५ दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करणारा प्रकल्प आहे, आणि ऑगस्ट २०२१मध्ये इंदूर देशातले पहिले 'वॉटर प्लस' शहर ठरले. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग सात वेळा पहिला क्रमांक, शेवटच्या वर्षी सुरतसोबत. मावशीच्या बोलण्यात याचा अभिमान असतो आणि तो रास्त आहे. पहाटे तिथले रस्ते पाहिले की आपल्याला आपली लाज वाटते.

आणि त्याच इंदुरात डिसेंबर २०२५च्या अखेरीस भागीरथपुरा भागात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. शेकडो लोक जुलाब-उलट्यांनी आजारी पडले, कित्येक दगावले. मृतांच्या आकड्यावरून वाद झाला. मुख्य जलवाहिनीची गळती एका शौचालयाच्या खाली सापडल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. बातमी वाचून मी मावशीला फोन केला. तिचे घर त्या भागात नाही. पण ती बराच वेळ गप्प होती.

मोरी तुंबणे आणि पिण्याचे पाणी बिघडणे हे दोन वेगळे विषय आपण मानतो. जमिनीखाली ते दोन पाइप एकमेकांना खेटून चाललेले असतात. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात जलवाहिनी मधल्या वेळात रिकामी असते, आणि रिकाम्या पाइपाला भोक असेल तर बाहेरचे ओले आत ओढले जाते. त्यावर नळाला थेट मोटर लावून ओढणारे आपण! बेळगावच्या काही प्रभागांत २००८च्या सुमारास चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली, तिच्यामागेही हाच विचार होता: भरलेल्या पाइपात घाण शिरत नाही. तेव्हा आपल्या फाटकाशी नळाचा पाइप गटारातून किंवा चेंबरातून आरपार गेला आहे का, हे एकदा वाकून पाहावे. कित्येक घरांत तो गेलेला असतो. तो वर उचलून बाजूने घ्यायला एका प्लंबरचे एका दिवसाचे काम पुरते. जमिनीतला पाण्याचा हौद चेंबरजवळ असेल तर त्याचे झाकण जमिनीपेक्षा वर उचलून घ्यावे. आणि ज्या रात्री अंगणात गटार सांडले त्या रात्री हौदाचा पंप चालू करू नये. आम्ही तो सकाळी चाचांनी आत पाहिल्यावरच चालू केला, आणि तरी आठवडाभर पाणी उकळून प्यालो. विहीर असणाऱ्यांनी शोषखड्डा विहिरीपासून पुरेसा दूर आहे ना, हे बघावे.

साफसफाईचे थोडक्यात सांगते. हातमोजे आणि गमबूट घालून आधी घाण उचलायची, मग साबणाच्या पाण्याने घासायचे, आणि शेवटी ब्लीचिंग पावडरचे पाणी. घाणीवरच पावडर टाकली तर ती वाया जाते. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र नको, त्यातून विषारी क्लोरीन निघतो. दादाच्या हातातली ती बाटली मावशीने वेळीच ठेवायला लावली हे बरे झाले. जमिनीवरची कणीक आणि चिरलेल्या भाज्या टाकून द्याव्या लागल्या. उंबरा ओलांडला नव्हता, पण शिंतोडे कुठे उडाले कोण सांगणार? वहिनींच्या जिवावर आले. पहाटे दादा मंडईत गेला आणि पुन्हा भाज्या चिरायला आम्ही बसलो.

बांबूच्या पट्टीला काय लागले होते तेही सांगायला हवे. साबणासारखा पांढरट, कडक गोळा, त्यात चहाचा चोथा, केस आणि कापडी पुसण्याचे तुकडे. तो गोळा तुपा-तेलाचा. सणावारी तळणाचे उरलेले तेल आणि तुपाची पातेली आपण गरम पाण्याने मोरीत धुतो. गरम असताना ते वाहते, पाइपात दहा फूट गेले की थिजते. तेल-तुपाची भांडी आधी कागदाने पुसावीत, ते कागद कचऱ्यात. सॅनिटरी पॅड आणि ओले रुमाल संडासात टाकू नयेत, पाकिटावर काहीही लिहिलेले असो.

फरशी फोडून चाचांनी गली ट्रॅप पुन्हा उघडा केला, वर नवी जाळी बसवली, आणि गच्चीचा पाइप काढून पेरूच्या झाडाकडे वळवला. जाण्याआधी त्यांनी एका वहीच्या पानावर घराचे पाइप कुठून कुठे जातात ते काढून दिले. ते पान मावशीने वीजबिलांच्या फायलीत ठेवले आहे, आणि एक प्रत गॅसच्या ओट्यामागे चिकटवली आहे.

गेल्या वर्षी पुन्हा महालक्ष्म्यांना गेले होते. पाऊस होताच. जेवणे झाल्यावर मदतीला आलेली मुलगी तळणाची कढई घेऊन मोरीकडे निघाली, तशी मावशीने माजघरातून हाक मारली, "थांब बेटा, आधी कागद घे!" मी अंगणात जाऊन जाळी पाहिली. पाणी जाळीच्या चार बोटे खाली होते.